औषध आधी की पाणी आधी? एका कमेंटला उत्तर

तुमची कमेंट दोनदा वाचली. खाऱ्या पाण्याच्या टँकमधला तुमचा क्लाउनफिश धापा टाकतोय, खात नाही, आणि मी आपलं "औषध नको, आधी अर्धं पाणी बदला" असं लिहून लोकांचे मासे मारतोय, एवढं पाणी एकदम बदललं की शॉक बसतो, असं तुमचं म्हणणं. राग समजतो, पण पटलं नाही.

अहो तुम्हीच लिहिलंय की अंगावर ठिपके नाहीत, कल्ले लाल झालेत आणि मागच्या आठवड्यात चार नवीन मासे एकदम सोडलेत. मग पहिला संशय माशांच्या घाणीतून पाण्यात साठणाऱ्या अमोनियावरच जाणार ना, चार माशांची घाण पचवायला फिल्टरमधले बॅक्टेरिया तेवढे वाढलेच नसणार. त्यात खाऱ्या टँकचा पीएच ८.२ च्या आसपास, आणि पीएच एकने वाढला की अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो, म्हणून गोल्डफिशच्या टँकला जे रीडिंग चालून जातं तेच इथे कल्ले जाळतं. नायट्राइटचं (बॅक्टेरिया अमोनियापासून बनवतात ते) मात्र उलटं, खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड त्याला कल्ल्यातून फारसं आत शिरू देत नाही, त्याचा एवढा धसका घेऊ नका.

आता शॉक. तो बसतो खारटपणा आणि तापमान जुळवलं नाही म्हणून. थेट टँकमध्ये मीठ (मरीन टँकचं, स्वयंपाकाचं नव्हे) ओतून ढवळणारे महाभाग आहेत, त्यांचं सोडा. वेगळ्या बादलीत, क्लोरीन काढलेल्या पाण्यात मीठ घालून पंप लावायचा, एरवी रात्रभर, पण मासा असा तडफडत असेल तर मीठ पूर्ण विरघळून पाणी नितळ झालं तरी पुरे. टँकचा खारटपणा (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी) १.०२५ ला असेल तर बादलीही १.०२५, तापमान थर्मामीटरने बघायचं, हात बुडवून अंदाज नको. तोवर खाणं बंद आणि पंपाचं तोंड वर करा, पाणी वरून खळखळू दे, खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन गोड्यापेक्षा वीसेक टक्के कमीच मावतो आणि गरम पाण्यात अजून कमी.

दुकानदाराने दिलेलं मेथिलीन ब्लू हे निळं औषध मेन टँकमध्ये घातलंत तर आहेत ते बॅक्टेरियाही जातील, अमोनिया अजून चढेल. ("पाणी बदला" सांगण्यात त्याला काय सुटणार म्हणा!) कॉपरचं (तांब्याचं) औषध तर मेन टँकमध्ये नकोच, कोळंबी-गोगलगाई मरतातच, वर ते टँकमधल्या दगडांत मुरून बसतं.

हां, एका ठिकाणी तुमची घाई बरोबर ठरेल. अमोनिया शून्य आला आणि मासा तरी धापा टाकतोय, तर मरीन वेल्वेट हा परजीवीचा रोग असू शकतो, त्यात अंगावर काही दिसायच्या आतच मासा जाऊ शकतो. तेव्हा कॉपर द्या, पण वेगळ्या टँकमध्ये.

टँक किती लिटरचा ते लिहिलं नाहीत. ते आणि अमोनियाचा आकडा आजच टाका, किती पाणी बदलायचं ते सांगतो.