डेटा सर्व्हरवर हाय, मंग भेव कशाचं?

पंचायत समितीच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणारा दावा असा: "ग्रामपंचायतीले सायबर तपासणी कशाले? डेटा एनआयसीच्या सर्व्हरवर, कॉम्प्युटरात अँटिव्हायरस. हॅकर काय कापसाच्या गाठी न्याले येणार हाय?"

डेटा एनआयसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या, सर्व्हरवर असेल. पण ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशेबाच्या पोर्टलवरचं देयक सुटतं ते सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या डीएससी टोकनवर, म्हणजे डिजिटल सहीच्या पेनड्राइव्हसारख्या किल्लीवर. दोन्ही टोकन ग्रामपंचायतीतला कॉम्प्युटर चालवणाऱ्या केंद्रचालकाच्या एकाच ड्रॉवरमध्ये आणि पिन टोकनलाच चिकटवलेला असेल, तर दोन सह्यांची अट कागदावरच राहिली. सर्व्हरला दोन्ही सह्या खऱ्याच दिसतात. अँटिव्हायरसलाही त्यात वावगं काही सापडत नाही. बदली झालेल्याचा चालू राहिलेला लॉगिनही तसाच: चार्ज यादीत कपाटाच्या किल्ल्या असतात, युजर आयडी नसतो.

शिवाय विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्यानंतर सापडणारी विंडोजमधली भोकं अँटिव्हायरस बुजवत नाही.

"काही झालंच तर लॉग पाहू" असंही त्या मेसेजच्या शेवटी असतं. लॉग म्हणजे कॉम्प्युटरवर कोणी, केव्हा, काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी. इथेच खरी गोम आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवायची, आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची. सरकारी कार्यालयं त्यातून सुटलेली नाहीत. आता कॉम्प्युटरचं घड्याळ चालू ठेवणारी मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असली की लाइन गेल्यावर तारीख थेट काही वर्षं मागे जाते. मग प्रत्येक पोर्टल उघडताना ब्राउझर साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र चालत नसल्याचा इशारा देतो, तो डोळे झाकून ओलांडायची सवय लागते, आणि लॉगमधल्या वेळा कशाशीच जुळत नाहीत. एका नाण्याएवढ्या बॅटरीपायी! विंडोजचा सिक्युरिटी लॉगही मुळात २० एमबीचाच. भरला की जुन्या नोंदी पुसत जातो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याचा आकार वाढवा आणि दर महिन्याला प्रत काढून दुसरीकडे ठेवा.

तपासणीला वेगळं पथक नको. विस्तार अधिकारी दप्तर तपासायला येतातच. त्यांनी दोघांना आपापलं टोकन खिशातून काढायला सांगावं, चालू युजरची यादी हजेरीपटाशी ताडावी, कॉम्प्युटरवरची तारीख पाहावी आणि हे शेऱ्यात लिहावं.

घोळ झालाच तर लॅन केबल काढा, वायफाय बंद करा, मशीन चालू ठेवा, स्क्रीनचा फोटो घ्या, वेळ लिहा आणि सर्ट-इनला १८००-११-४९४९ वर कळवा. तालुक्याच्या दुकानात नेऊन फॉरमॅट मारलं, की तपासणाऱ्याच्या हाती कोरी डिस्क येते.