खुलासा: बर्नआउट हा आजार नाही, शिक्षकाचा कमकुवतपणाही नाही

शिक्षकांमध्ये बर्नआउटबद्दल, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याबद्दल, एक संदेश फिरतो आहे: ‘जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटला आजार ठरवले. खंबीर मनाच्या शिक्षकाला तो होत नाही. रोज १० मिनिटे ध्यान करा.’ यातली पहिली दोन विधाने चुकीची आहेत.

संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, पण कामाशी निगडित स्थिती म्हणून. तो आजार नव्हे, असे संघटनेने मे २०१९ मध्येच स्पष्ट केले होते. व्याख्येनुसार तो कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ चाललेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणाचा परिणाम असतो. खुणा तीन: अंगातले त्राण संपणे, कामावरून मन उडणे किंवा त्याबद्दल कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. ‘कमकुवत मन’ त्यात कुठेही नाही, आणि थकलेल्या शिक्षकाला ते ऐकवणे मला क्रूर वाटते.

ध्यानाने बरे वाटत असेल तर जरूर करा. पण रात्री उशिरापर्यंत वह्या तपासाव्या लागत असतील, तर तपासणीचा भार कमी करण्याबद्दल मुख्याध्यापकांशी बोलणेही तितकेच गरजेचे आहे. उदासी दोन आठवडे हटली नाही, तर डॉक्टरांना भेटा. नैराश्य हा मात्र आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.