"वायफायच्या जमान्यात भिंती कशाला फोडायच्या?" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आभार. उत्तर जरा लांबतंय, कारण हाच प्रश्न बरेच जण विचारतात. तुमचं म्हणणं असं की रिनोव्हेशनमध्ये खोलीखोलीत लॅन (इंटरनेटची), स्पीकर आणि एचडीएमआयच्या (टीव्हीपर्यंत चित्र-आवाज नेणाऱ्या) वायरी टाकायला सांगणं म्हणजे लोकांना उगाच खर्चात पाडणं, मेश वायफाय (घरात जागोजागी ठेवायचे, एकमेकांना जोडलेले राउटरचे डबे) आणि साउंडबार आणला की काम झालं, आणि पाच-सात वर्षांत त्या वायरी कालबाह्य होणारच.

यातला शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच मी वायरीपेक्षा ती ज्यातून जाते त्या भिंतीतल्या पाइपावर जास्त जोर देतो. एचडीएमआय २००२ च्या शेवटी आलं तेव्हा त्याची क्षमता ५ जीबीपीएसच्याही (सेकंदाला ५ गिगाबिट) आत होती, २०१३ ला १८ झाली, २०१७ ला ४८. सॉकेट तेच, केबल दिसायलाही तशीच, पण गिलाव्यात थेट गाडलेली जुनी केबल नव्या टीव्हीला पुरत नाही आणि मग परत फोडाफोडी. पाइप असेल तर जुनी ओढून काढायची, नवी घालायची, विषय संपला. फक्त टीव्हीमागून खालच्या युनिटपर्यंत नेहमीचा पाऊण इंची पाइप टाकू देऊ नका. एचडीएमआयचं डोकं कव्हरसकट साधारण २० मिमी रुंद असतं, ते बेंडवर हमखास अडकतं, मग इलेक्ट्रिशियन जोर लावून ओढतो आणि पिना जातात. तिथे सरळ दीड-दोन इंची प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप टाका, शक्यतो वळण न देता, आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा.

आता मेशचं. पुण्यात पेठांमधल्या जुन्या बिल्डिंगांत नऊ इंची विटांच्या भिंती, बाणेर-वाकडकडच्या बऱ्याच नव्या टॉवरांत मायवानच्या, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून केलेल्या, सगळ्या आरसीसी, आणि ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दोन्हीकडे दोन भिंतींपलीकडे दम सोडतं. साध्या ड्युअल बँड (दोनच रेडिओ असलेल्या) मेशमधला दुसरा डबा त्याच रेडिओवर पहिल्याकडून घेतो पण आणि तुमच्या मोबाइलला देतो पण, त्यामुळे स्पीड जवळपास निम्म्यावर येतो. तोच डबा कॅट ६ ने, म्हणजे लॅनच्या वायरीने, जोडा, ही कटकट राहत नाही. म्हणजे मेश नीट चालायलासुद्धा वायर लागतेच! आणि साउंडबारचे मागचे "वायरलेस" स्पीकर, त्यांनाही लाइट लागते हो, सोफ्यामागे प्लग पॉइंट नसेल तर एक्स्टेंशन बोर्ड लोंबणारच.

मायवानवाल्यांनी मात्र भिंतीत झिरी अजिबात मारायची नाही, त्या भिंती बिल्डिंगचा भार घेतात. तिथे फॉल्स सीलिंग नाहीतर टीव्हीच्या पॅनेलमागून न्यायचं.

प्रत्येक बेडरूममध्ये सीलिंग स्पीकर हवेत असं माझं म्हणणं नाहीच. हॉल, फार तर किचन, बाकी ठिकाणी नुसता रिकामा पाइप आणि एक बॉक्स. खर्चाचं म्हणाल तर खरा खर्च फोडणं, गिलावा, पुट्टी, रंग यांचा असतो, आणि लाइटच्या पॉइंटसाठी भिंती उघडणारच असाल तर शेजारून आणखी एक पाइप जाण्याने बजेट कोलमडत नाही. फक्त लाइटच्या पाइपापासून फूटभर लांब ठेवा, ओलांडायचाच तर काटकोनात, आणि दोन्ही वायरी एका पाइपात कधीच नाही, कॉन्ट्रॅक्टर कितीही "चालतंय" म्हणाला तरी.

तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रिकल बाजारात कॅट ६ घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे, परत द्या, कारण त्याच वायरीतून कॅमेऱ्याला करंट दिला की ती जास्त तापते आणि टोकाशी पटकन तुटते. अस्सल तांब्याचीच मागा.

तुमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटचं काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय म्हणालात ना, मग अजून वेळ आहे. टीव्ही कुठल्या भिंतीवर आणि फायबरचा राउटर कुठे, एवढं दाखवणारा नुसता हाताने काढलेला नकाशा टाका, पाइप कुठून कुठे न्यायचा ते मी त्यावर खुणा करून देतो.