'रेड लाइट्स' संथ आहे तोवरच खरा आहे

"लई संथ आहे राव, झोप येते" असं म्हणत 'रेड लाइट्स' (2012) अर्ध्यात सोडणारे बरेच आहेत. माझं मत नेमकं उलटं आहे. हा पिक्चर जिथं वेग घेतो तिथंच बिघडतो. (खाली शेवटही फोडलाय, बघायचा राहिला असेल तर इथंच थांबा.)

दिग्दर्शक रॉड्रिगो कॉर्टेस. सिगर्नी वीव्हर आणि किलियन मर्फी अतींद्रिय शक्तीचे दावे तपासणारे संशोधक, रॉबर्ट डी नीरो तीस वर्षांनी परतलेला आंधळा 'सिद्धपुरुष'. सुरुवातीलाच एका घरात ठकठक आवाज येतात, आणि ते निघतात घरातल्याच पोरीचे. लातूर, नांदेड, धाराशिवकडं भानामतीची प्रकरणं ज्यांनी हाताळलीत त्यांना यात काहीच नवल वाटणार नाही.

भानामतीतले प्रकार ठरलेले: घरावर दगड, दांडीवरचे कपडे पेटणं, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या, बायकांचं भुंकणं. तपासाला गेल्यावर पहिलं काम वहीचं. काय घडलं, किती वाजता, कोणत्या खोलीत, कोण कुठं होतं आणि सगळ्यात आधी कुणाला दिसलं. आठ-दहा घटना अशा मांडल्या की एकच नाव पुन्हा पुन्हा यायला लागतं. मग घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्यानं बोलायचं, म्हातारीपासून शेंबड्या पोरापर्यंत. सगळ्यांना ओसरीवर बसवून विचारलं की कामातून गेलं. एक जण बोलतो, बाकीचे त्याचीच री ओढतात.

फुल्यांचं गणित तर बघण्यासारखं. बिब्ब्याचं तेल लागलं त्या क्षणी कातडी उठत नाही. खाज, लाली, फोड काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात. घरचे म्हणतात, "आमच्यासमोर बसल्या बसल्या उमटली." म्हणून सगळे त्या घडीला जवळ कोण होतं ते शोधतात, आणि तिथंच फसतात. विचारायचं असतं आदल्या दिवसाचं. शिवाय जागा बघा: दंड, मांडी, पोट. पाठीच्या मधोमध, जिथं स्वतःचा हात पोचत नाही, तिथं फुली क्वचितच. उजव्या हातानं जेवणारीच्या डाव्या दंडावर जास्त.

करणारं माणूस सापडलं तरी नाव चावडीवर घ्यायचं नसतं. बहुतेक वेळा ते घरातलं सगळ्यात दबलेलं माणूस असतं. नाव फुटलं की मारहाण ठरलेली. आतल्या खोलीत, विश्वासात घेऊन बोलायचं, गरज असेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं न्यायचं. सिनेमा मात्र त्या पोरीला तिथंच सोडून बड्या मंचाकडं पळतो. मला ते खटकलं.

मंचाचा भाग तसा चोख आहे. प्रेक्षकांची नावं-दुखणी 'दैवी' शक्तीनं ओळखणारा एक बाबा (डी नीरो नव्हे, दुसराच) कानातल्या यंत्रावर ऐकून बोलतोय, हे वीव्हर-मर्फी रेडिओ स्कॅनरनं पकडतात. हे हवेतलं नाही. 1986 साली अमेरिकेत चमत्कारांचे दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी यांच्या चमूनं प्रार्थनेनं रोग बरे करतो म्हणणाऱ्या पीटर पॉपॉफ या धर्मोपदेशकाला असंच पकडलं. त्याची बायको लोकांनी भरून दिलेली प्रार्थनेची कार्डं वाचून 39.17 मेगाहर्ट्झवर त्याला सांगत होती. आपल्याकडच्या दरबारांना एवढा खर्चही लागत नाही. रांगेत नाव, गाव, अडचण लिहून घेणारा सेवक आणि मंडपाबाहेरच्या टपरीवर चहा पीत गप्पा काढणारा एक जण, भागलं. बाहेर वहीत अडचण लिहून आलेलं माणूस आत "बाबांनी न सांगता ओळखलं" म्हणून रडतं!

घोळ होतो तो वीव्हरचं पात्र मेल्यावर. दिवे फुटतात, पक्षी आपटतात, बाथरूममध्ये हाणामारी. आणि शेवटी ठरतं काय, तर डी नीरो भोंदू, पण खरी शक्ती तपास करणाऱ्या मर्फीतच! दीड तास पुरावा मागायला शिकवलं आणि शेवटी पुरावा न देता चमत्कार मान्य करून घेतला. 'कामाचा ताण आला म्हणून शेवटी देवऋष्याकडं गेलो' असं एखाद्या तपासनिसानं म्हणावं, तसं.

तरी दोन जागा चुकवू नका. एक, डी नीरोच्या शक्तीच्या चाचणीची चित्रफीत पुन्हा पुन्हा बघताना त्याच्या आणि चाचणीतल्या जोडीदाराच्या मनगटावरची सारखी घड्याळं विद्यार्थ्यांच्या नजरेत येतात ती. दुसरी, 'आंधळ्या' डी नीरोकडं फेकलेलं नाणं तो अलगद झेलतो ती. बाथरूमची मारामारी पुढं ढकलली तरी चालेल.