एक रात्र पोरांना द्या

पंचवीस वर्षं सांगली-मिरजेत साऊंड लावतोय. लग्नं, सभा, जत्रा, गणपती, सगळं केलंय. त्यामुळे आजचं वाचून काही जण म्हणतील, "तू तर बोलूच नकोस." म्हणा. विसर्जनाला बेसच्या भिंती उभ्या करून लोकांची तावदानं हलवणाऱ्यांत एकेकाळी मीही होतो.

गेल्या एप्रिलात कॉलेजच्या पोरांनी मैदानावर गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता. सहा ग्रुप. साऊंड माझा, भाडं निम्मं. पाचला सुरू करायचं ठरलेलं, पण एप्रिलात सांगलीत पाच वाजता उघड्यावर उभं राहून बघा. माणसं जमली आठला, जेवूनखाऊन. पावणेदहाला हवालदार मिक्सरपाशी आले. बोलले काही नाहीत, नुसतं घड्याळावर बोट ठेवलं. त्यांचं तरी काय चुकलं? स्टेजवर विट्याची एक मुलगी गात होती. एक ढोलकी, एक गिटार आणि तिचा आवाज, एवढंच. नऊ अठ्ठावन्नला मी मेन फेडर, म्हणजे पब्लिककडच्या आवाजाची दांडी, खाली ओढला. मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर, चालूच राहिला, त्यामुळे तिला कळलंच नाही. ती डोळे मिटून गातेय आणि मागच्या रांगांना फक्त जनरेटर ऐकू येतोय. उरलेले दोन ग्रुप स्टेजवर चढलेच नाहीत.

रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद, हा नियम मोडा असं मी म्हणत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच वाट ठेवलेली आहे. 'सांस्कृतिक किंवा धार्मिक' उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते. सांस्कृतिक हा शब्द आधी आहे बरं का. यादी निघते तेव्हा मात्र गणपती, नवरात्र, दिवाळी, नाताळ आणि ३१ डिसेंबर यांतच बरेचसे दिवस जातात. ३१ डिसेंबरला कसली संस्कृती चालते ते मी स्पीकरमागं उभं राहून पाहिलंय. त्या पंधरातला एक दिवस या पोरांना द्यावा, एवढंच माझं म्हणणं.

"नाट्यगृहात करा की, बंदिस्त सभागृहाला दहाचं बंधन नाही," असं एकानं सुचवलं. खरंय. पण भाडं कोण भरणार? आणि खुर्चीत बसून कुणी नाचत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथं मराठी नाटक उभं केलं त्या गावात आपण राहतो, नाट्यपंढरी म्हणून मिरवतो. पलीकडं मिरजेत तंबोरे बनतात. त्या तंबोऱ्यावरचा मध्यरात्रीचा मालकंस उघड्यावर ऐकायची सोयच आता राहिली नाही, पण ते दुखणं वेगळं, पुन्हा कधीतरी.

आता शेजाऱ्यांचं. सवलत म्हणजे रान मोकळं, असा समज आमच्या धंद्यात पक्का बसलाय. सवलत वेळेची असते, आवाजाची नाही. मैदानाच्या हद्दीवर आवाज आसपासच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ आहे, म्हणजे हिशेब ५५ वर येतो. लई कमी वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण बॉक्स खाली ठेवून उंच भिंत रचण्यापेक्षा थोडे टॉप, म्हणजे बेस सोडून बाकीच्या आवाजाचे बॉक्स, वर टांगून तोंड खाली, पब्लिककडं वळवलं, की पुढच्याला नीट ऐकू येतं आणि हद्दीवर आवाज पुष्कळ पडतो.

खरी चोरी बेसमध्ये असते. आवाज मोजतात तो 'ए' पट्टीवर आणि त्या पट्टीत खर्जाचं वजन कमी धरलं जातं. कागदावर आकडा छान येतो आणि गल्लीतल्या आजोबांच्या कपाटाची काच थरथरत राहते. म्हणून बेसचे बॉक्स दोनच, तोंड नदीकडं, असं मी पोरांना आधीच सांगितलंय. १०० मीटरच्या आत दवाखाना, शाळा किंवा कोर्ट असेल तर ते मैदानच नको.

मैदानाला लागून राहणाऱ्या एका काकांनी गेल्या वेळी माझ्याशी भांडण काढलं होतं. परवा पोरं अर्ज घेऊन त्यांच्याकडं गेली. त्यांनी सही दिली नाही. म्हणाले, "मीटर माझ्या गॅलरीत ठेवा, आकडा मी वाचणार, मग बघू." मी हो म्हणून आलोय. आता ते सांगतील तेव्हा फेडर खाली.