दहा पेसोचं तेल

परवा संध्याकाळी इथे फिलिपाइन्समध्ये आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या जाळीसमोर उभी होते. पुढे सात-आठ वर्षांचा एक पोरगा, हातात कान तुटलेला प्लॅस्टिकचा कप. "पाबिली पो!" म्हणून त्यानं हाळी दिली, म्हणजे आपलं "ओ, द्या जरा!" दहाचं नाणं जाळीतून आत सरकवलं आणि कप पुढे केला. दुकानवाल्या आतेनं मापानं तेल ओतलं, माप कपावर उलटं धरलं आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तसंच धरून ठेवलं. पोरगा दोन्ही हातांनी कप धरून, नजर तेलावरून न हलवता, कुत्र्याला वळसा घालून घरी गेला.

(आते म्हणजे इथे थोरली बहीण, आपली आत्या नव्हे. पण सहा वर्षं तिला आते म्हणून म्हणून माझ्या डोक्यात ती आत्याच झालीय.)

हे दुकान म्हणजे 'सारी-सारी स्टोअर'. सारी-सारी म्हणजे नाना तऱ्हेचं. घराच्या पुढच्या खोलीला जाळी ठोकायची आणि आत बसायचं. फिलिपाइन्समध्ये अशी दुकानं दहा लाखांहून जास्त आहेत, आमच्या क्वेझॉन सिटीतल्या एका गल्लीतच चार. आणि तिथली विकायची पद्धत म्हणजे 'टिंगी'. सुटं. पाव किलो तांदूळ, एक अंडं, लसणाचा एक गड्डा, कॉफीची एक पुडी, पिशवीत बांधलेलं घोटभर व्हिनेगर.

नवी आले तेव्हा मला हे बघवायचं नाही. माझं माहेर बार्शीचं. आमच्याकडे महिन्याची यादी व्हायची, वाण्याचा पोरगा सायकलवर पोतं टाकून आणायचा, आई डबे भरायची आणि मगच महिना सुरू झाला असं वाटायचं. त्या तोऱ्यात मी एकदा आतेला म्हटलं, "अख्खी बाटली घेतली तर त्यांना स्वस्त नाही का पडणार?"

ती म्हणाली, "पडेल ना. पण सगळे पैसे बाटलीत गेल्यावर आज भाताबरोबर काय खातील?"

तेव्हापासून मी कोणाला बचत शिकवायला जात नाही.

सध्या फेसबुकवर 'हजार पेसोत आठवडा काढा' छापाच्या व्हिडिओंचा सुळसुळाट आहे म्हणून हे लिहितेय. घाऊक घ्या, यादी करा, खाणं आठवडाभराचं आखा, मधल्या वेळचं अरबट-चरबट बंद करा. सल्ला खोटा नाही. पण तो ज्याच्या हातात एकरकमी पैसे येतात त्याच्यासाठी आहे. मेट्रो मनिलात (राजधानीचा पट्टा, आमची क्वेझॉन सिटीही त्यातच) किमान मजुरी जुलै २०२५ पासून दिवसाला ६९५ पेसो झाली (एक पेसो म्हणजे साधारण दीड रुपया धरा). ती मिळाली तर. पगार बहुतेकांचा पंधरा तारखेला आणि महिनाअखेरीला असा दोन हप्त्यांत होतो. त्याआधीच्या दोन-चार दिवसांना इथे नावच आहे, 'पेत्सा दे पेलिग्रो', धोक्याची तारीख. त्या दिवसांत गल्लीचा वाससुद्धा बदलतो. तळलेल्या मासळीच्या जागी सार्डिनचा डबा, त्यात पाणी, कांदा आणि मूठभर पालेभाजी, म्हणजे चौघांना पुरतं. आठवड्याची आखणी यांच्याकडे नाही असं कोण म्हणेल? तासाची आखणी आहे.

पुड्यांचा कचरा होतो, मान्य. २०१९च्या एका अहवालात या देशात दिवसाला जवळपास १६ कोटी ४० लाख पुड्या वापरल्या जातात असा हिशोब मांडला होता, आणि पावसाळ्यात आमचं गटार तुंबलं की तो मला रोज पटतो. पण पुडीची सवय लावणाऱ्या कंपन्यांना सोडून त्या तेलवाल्या पोराच्या आईला धरायचं, हे काही बरोबर नाही. आपणही रुपयाच्या शाम्पूच्या माळा टांगलेल्या दुकानांतच लहानाचे मोठे झालो की.

आणि आते काही लूट करत नाही. ती मोठ्या दुकानात रांगेत उभी राहते, खोकी ट्रायसिकलवर (इथली साइडकारवाली मोटारसायकल-रिक्षा) लादून आणते, घरी बसून तेलाचे, साखरेचे, मिठाचे वाटे करते. पुडीमागे पेसो-दोन पेसो सुटतो. त्यात तिचं भाडं, दुकानातल्या दिव्याचं बिल आणि बुडणारी उधारी.

आता त्या 'अरबट-चरबट'विषयी, कारण माझा खरा राग तिथे आहे. इथल्या मधल्या खाण्याला 'मेरिएंदा' म्हणतात. शब्द स्पॅनिश, पण भूक इथली. दुपारी तीनला बांधकामावरचा माणूस, जीपनीचा (इथली प्रवासी जीप) ड्रायव्हर, शाळेतून सुटलेलं पोर सगळे थांबतात. आमच्या कोपऱ्यावर एक आजी कढई टाकून बसतात. साबा जातीची केळी, आपल्या राजेळीच्या जवळची, शिजवल्याशिवाय फारशी मजा नाही अशी. त्या केळं उभं चिरतात, ब्राऊन शुगरमध्ये घोळवतात, शेजारी फणसाची एक बोटभर पट्टी ठेवतात आणि पातळ पापुद्र्यात गुंडाळून तेलात सोडतात. मग मूठभर साखर थेट तेलातच टाकतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी "अहो!" म्हणून ओरडलेच. साखर वितळून वर तरंगते, आजी गुंडाळी त्यात फिरवतात आणि तिच्यावर काचेसारखा पाक चढतो. हा 'तुरोन'. दोन तुरोन खाल्ले की रात्रीपर्यंत भुकेची काळजी नाही. तीच केळी साखरेत तळून काडीवर टोचली की 'बनाना क्यू', बार्बेक्यूसारखी काडी म्हणून हे नाव.

तुरोन आमच्याकडे पंधराचा वीस झाला. २०२२ मध्ये साखर शंभरी पार गेली तेव्हा आजींनी भाव लगेच वाढवला नाही, फणसाची पट्टी गायब केली. महिनाभर कोणी काही बोललं नाही. मग एका ड्रायव्हरनं तुरोन उघडून आत बघितलं आणि विचारलं, "नानाय, फणस सुट्टीवर का?" सगळे हसले, त्यासुद्धा. पुढच्या आठवड्यात फणस परत आला आणि भाव वाढला. मला वाटतं लोकांना ते जास्त पटलं. पांदेसाल नावाचा सकाळचा पाव तर न सांगताच लहान होत चाललाय. नावाचा अर्थ मिठाचा पाव, चवीला गोडसर, आणि आता दोन घासांत संपतो.

सकाळी सहाला 'ताहोओओ' अशी आरोळी येते. खांद्यावर काठी, दोन टोकांना दोन डबे. एकात सोयाबीनचं लुसलुशीत गरम दही म्हणा, दुसऱ्यात गुळचट पाक आणि साबुदाणा. आपण उपासाला धरून ठेवलेला साबुदाणा हे लोक रोज पेल्यात ओतून पितात, आणि मीही आता चतुर्थीची वाट बघत नाही. तांदळाचे गोड पदार्थ तर विचारूच नका. 'पालिताव' म्हणजे तांदळाच्या चिकट पिठाच्या चपट्या चकत्या, उकळत्या पाण्यात सोडायच्या, तरंगून वर आल्या की खोबऱ्यात आणि साखरेत लोळवायच्या. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा उकडीचा मोदक कोणीतरी घाईत उलटा केलाय असं वाटलं होतं. हे सगळं 'बंद करा' म्हणणाऱ्यांनी त्या वीस पेसोंत दुसरं काय पोटभर मिळतं तेवढं सांगावं.

कांद्याचं सांगितल्याशिवाय मात्र मला पुढे जाता येणार नाही. २०२२च्या डिसेंबरअखेर इथे लाल कांदा ७०० पेसो किलोवर गेला. आपले हजार रुपये. मटणवाल्याच्या पाटीवरचा आकडा त्याच्याहून कमी होता. साठवायला पुरेशी शीतगृहं नाहीत, आयातीचा निर्णय उशिरा, वर साठेबाजीचे आरोप. जानेवारीत महागाई ८.७ टक्क्यांवर गेली, चौदा वर्षांतली सगळ्यात जास्त. इलोइलोमध्ये एका नवरीनं लग्नात फुलांऐवजी कांद्यांचा गुच्छ धरला. आते कांदे अर्धे कापून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून विकत होती. अर्धा कांदा! टिंगीची एवढी सवय होऊनही मी त्याच्याकडे बघत राहिले.

आणि फेब्रुवारीत भावाचा फोन. आमच्या बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा घातला, किलोला रुपया भाव मिळाला, आणि गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात आले २ रुपये ४९ पैसे. तुम्ही सगळ्यांनी ती बातमी वाचलीय. मी ती वाचली तेव्हा ओट्यावर अर्धा कांदा पडलेला होता. सांगायचं म्हणजे इथे मोठ्या कांद्याला 'सिबुयास बोंबाय' म्हणतात, म्हणजे मुंबई कांदा. नाव एवढं लांबून आलं, त्या वर्षी कांदा मात्र वेळेवर पोचला नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये इथल्या व्यापार खात्याच्या मंत्रीणबाई म्हणाल्या, चार जणांच्या कुटुंबाचं 'नोचे बुएना' ५०० पेसोत होऊ शकतं. नोचे बुएना म्हणजे २४ डिसेंबरच्या मध्यरात्री, चर्चमधून आल्यावरचं जेवण. हॅम, स्पॅगेटी, फळांचं सॅलड. लोक भडकले. हिशोब म्हणून बघितलं तर सगळ्यात लहान पाकीट, सगळ्यात स्वस्त ब्रँड घेऊन बेरीज जमतेही म्हणे. पण वर्षभर टिंगी करणाऱ्याला ती एक रात्र टिंगी नको असते. दिवाळीला प्रत्येकी अर्धा लाडू असं आपल्याला कोणी सांगितलं असतं तर? सरकारी स्वस्त तांदळाचंही तसंच. २० पेसो किलोचं वचन २०२२च्या निवडणुकीतलं, विक्री १ मे २०२५ ला सेबूत सुरू झाली. मिळतो त्यांना मिळतो, आणि ज्यांना मिळतो ते खूश आहेत, हेही सांगायला हवं.

गेल्या महिनाअखेरीला माझंच कार्ड चालेना. घरात अंडं नाही, व्हिनेगर नाही. आतेच्या जाळीवर पाटी आहे, आज उधार नाही, उद्या या. आपल्याकडच्या 'आज रोख उद्या उधार'ची सख्खी बहीण. खाली मान घालून विचारलं, "लिस्ता, आते?" म्हणजे वहीत मांडून ठेवशील का? तिनं वही काढली.

आता इथे भारतीय माणसाला 'बुंबाय' म्हणतात, आणि बुंबाय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोटारसायकलवरून वसुलीला येणारा सावकार उभा राहतो. पाच घ्या, सहा फेडा, 'फाइव्ह-सिक्स'. आतेचा फ्रीजसुद्धा तसल्याच कर्जातून आलाय. तिनं पेन्सिल थुंकीनं ओली केली, त्या तेलवाल्या पोराच्या आईच्या नावाखाली लिहिलं, 'बुंबाय, २ अंडी, १ व्हिनेगर', आणि मग इतकी हसायला लागली की आतून तिचा नवरा बघायला आला.