१७.८ टक्के कसे काढावेत

पुण्यात नोकरी हवी आहे, कोडिंग येत नाही आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकची धास्ती वाटते? मग बाणेरला नाहीतर मगरपट्ट्यात एखादी मार्केट रिसर्च कंपनी गाठा. जगभरच्या बाजारपेठांचं भविष्य सांगणारे अहवाल आपल्या पुण्यातच ढिगाने निघतात. जोशीबुवांना निदान पत्रिका तरी लागायची. तुम्हाला तीही लागणार नाही.

समजा, पहिलाच विषय पदरात पडला तो ‘क्लाउड व्हीपीएन : वाढ आणि मागणी’. (व्हीपीएन म्हणजे इंटरनेटमधून काढलेला खासगी बोगदा : त्यातून घरबसल्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरता येतं किंवा आपली ओळख झाकता येते.) आधी वाढीचा दर ठरवून टाका. मागणी मागाहून शोधता येते. १८ टक्के लिहिलंत तर तो अंदाज वाटतो, १७.८ लिहा, लगेच संशोधन वाटतं. चक्रवाढीने आठ वर्षांत बाजार जवळजवळ पावणेचारपट होतो, तेवढं मथळ्यात घ्या. ‘उत्तर अमेरिका सर्वांत मोठी, आशिया-पॅसिफिक सर्वांत वेगवान’ हे वाक्य कुठल्याही जुन्या अहवालातून उचला; विषय बघत बसू नका.

आता कारणं. मार्च २०२० मध्ये कंपन्यांनी घाईघाईने लॅपटॉप वाटले. ऑफिसात मोजक्या माणसांच्या हिशेबाने घेतलेलं व्हीपीएनचं खोकं होतं. कोथरूडपासून खराडीपर्यंत सगळे सकाळी एकदम लॉगिन करू लागल्यावर त्याने मान टाकली. ओटीपी टाकावा, ‘कनेक्टिंग’चं चक्र बघत चहा संपवावा आणि नेमकी गुरुवारची वीज जावी. म्हणून गेटवे, म्हणजे त्या बोगद्याचं तोंड, क्लाउडवर (दुसऱ्याच्या सर्व्हरवर) भाड्याने घ्यायची पद्धत फोफावली : माणसं वाढली की क्षमता वाढवा, पैसे वापराप्रमाणे मोजा. (मायक्रोसॉफ्टचं ‘सेंट्रल इंडिया’ क्लाउड केंद्र २०१५ पासून पुण्यातच आहे, म्हणजे काहींचा ढग घराजवळच!) हे कारण खरं आहे, तेव्हा चार ओळींत उरका. खऱ्या कारणांनी पानं भरत नाहीत.

पानं भरायला सरकार आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, निर्देश काढले : व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) पाच वर्षं जपून ठेवावेत. ओळख झाकण्याचं दुकान चालवायचं आणि गिऱ्हाईकांची वहीही ठेवायची! एक्स्प्रेसव्हीपीएनने जूनमध्ये भारतातले सर्व्हर काढले आणि भारतीय आयपी सिंगापूर व ब्रिटनमधून द्यायला सुरुवात केली. ही घटना ‘अडथळे’ या प्रकरणात घाला, नंतर हीच ‘संधी’तही घाला. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला हा नियम लागू नसल्याचा खुलासा मे महिन्यातच झाला होता. तो तळटीपेत, बारीक टायपात.

‘झिरो ट्रस्ट’चं काय करायचं? एकदा बोगद्यातून आत आलेल्याला घरभर मोकळं सोडू नका, दर दारावर तपासा, असं ते म्हणणं. ते पटलं तर व्हीपीएनची गरजच कमी होते. पण १७.८ आधीच छापून गेलंय, त्यामुळे त्याला ‘उदयोन्मुख प्रवाह’ म्हणा आणि पुढे सरका.

अहवालाची किंमत हजारो डॉलर ठेवा. मोफत नमुना मागणाऱ्याने कंपनीचाच ईमेल द्यायला हवा, जीमेल चालणार नाही. त्या नमुन्यात मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि रिकामे तक्ते पाठवा. कुणी खवचटपणे विचारलंच की हा दर आला कुठून, तर ‘तज्ज्ञांच्या मुलाखती’ असं सांगा. तज्ज्ञ कोण, हे गोपनीय.

पुढच्या सोमवारी तुमच्या टेबलावर कुत्र्यांच्या बिस्किटांची बाजारपेठ येईल. दर तोच ठेवा.